अनुभव धागा : विमान अभियंता पतीच्या आठवणी – पेटी, लॉगबुक आणि कपाटातलं बाकीचं

आयुष्यभर विमानांची देखभाल केलेला माणूस जातो तेव्हा घरात एक जड पेटी उरते, सह्यांनी भरलेल्या वह्या उरतात आणि कपाटात अशा काही वस्तू, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात. पत्नीला त्यातलं काही टाकवत नाही आणि काय कसं जपायचं ते सांगायला 'हे' नसतात. हँगरमध्ये काम केलेल्यांनी आणि जुने कागद सांभाळणाऱ्यांनी पक्कं माहीत आहे ते इथे लिहावं. ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे, त्यांच्या उपयोगी पडेल इतक्या बारकाईने लिहा.

पेटीला हात लावण्याआधी फोटो

एकेक खण उघडा आणि काहीही न हलवता वरून फोटो काढा. फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेली दिसेल. रिकामी खाच म्हणजे एक हत्यार बाहेर राहिलं, कदाचित विमानाच्या आतच. म्हणून सगळ्या खाचा भरल्याचं बघितल्याशिवाय काम संपत नाही. ही मांडणी म्हणजे त्या माणसाचं रोजचं वळण आहे. एकदा मोडली की पुन्हा जुळवता येत नाही.

पान्यांवर कोरलेली आद्याक्षरं किंवा नंबर पॉलिश करून घालवू नका. गंजाला सँडपेपर नको, मऊ कापडावर हलकं मशीन तेल पुरतं. फीलर गेज, म्हणजे बारीक फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, त्याची पाती सुटी करून दोन्ही बाजूंनी पुसा. मध्ये अडकलेला ओलावा सगळ्यात पातळ पातं आधी खातो. मायक्रोमीटरचे जबडे एकमेकांना टेकवून ठेवू नयेत, किंचित फट असू द्यावी. 'टक्' असा आवाज करणारा टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) असेल तर मूठ फिरवून पट्टीवरच्या सर्वांत कमी आकड्यावर आणा, त्याच्या खाली मात्र नेऊ नका. आतली स्प्रिंग वर्षानुवर्षं ताणात राहिली तर रेंच चुकीचं माप सांगू लागतो.

हत्यारं कुणाला द्यायचीच असतील तर नव्याने या कामाला लागलेल्याला द्या. रेंच कॅलिब्रेट केल्याशिवाय, म्हणजे त्याचं माप तपासून घेतल्याशिवाय, विमानावर चालत नाही, हे त्यालाही माहीत असेल, तरी सांगून द्या.

लॉगबुक हेच खरं चरित्र

मला सगळ्यात जास्त याबद्दल लिहायचं आहे, कारण घरचे लोक नेमकी हीच वही न वाचता बांधून ठेवतात. 'विमान कंपनीत इंजिनिअर होते' या वाक्यात त्या माणसाचं काहीच येत नाही. लॉगबुकात सगळं येतं.

नोंदीत साधारणपणे तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, केलेलं काम आणि सही असते. बऱ्याचदा दोन आकडी एटीए क्रमांकही असतो. विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला एक ठरावीक क्रमांक देणारी ही पद्धत 1956 पासूनची आहे आणि जगभर समजते. 24 म्हणजे वीजपुरवठा, 27 उड्डाण नियंत्रण, 28 इंधन, 29 हायड्रॉलिक्स, 32 चाकं, ब्रेक आणि लँडिंग गिअर, 34 दिशादर्शन, 72 इंजिन. कोऱ्या कागदावर हे आकडे मांडा आणि कुठला किती वेळा आला त्याच्या खुणा करत जा. दहा-बारा पानांतच कळतं की यांचा हात कशात बसला होता. 32 पुन्हा पुन्हा दिसला तर पायाशी बसून, वंगणात हात घालून केलेलं काम. 34 आणि 24 जास्त असतील तर वायरिंगची नकाशासारखी पानं वाचणारा माणूस.

'आयएडब्ल्यू' दिसेल, म्हणजे पुढे लिहिलेल्या मॅन्युअलनुसार काम केलं. 'एनएफएफ' म्हणजे तपासलं, दोष सापडला नाही. यामागेही तासन्‌तास गेलेले असू शकतात, त्या नोंदी मोकळ्या समजू नका.

नोंदणी क्रमांक मालक बदलला की बदलू शकतो. उत्पादकाने दिलेला अनुक्रमांक मात्र विमानाला जन्मभर चिकटलेला असतो. तो मिळाला तर यांनी सही केलेलं विमान पुढे कुणाकडे गेलं आणि मोडीत कधी निघालं, हे शोधता येतं. नातवंडांना दाखवायला याहून चांगलं काही नाही.

चुकलेल्या नोंदीही बघा. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा आणि आद्याक्षरं. स्वतःची चूक सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवायची, हा या व्यवसायाचा नियम आहे. असं एखादं पान श्रद्धांजलीच्या पुस्तिकेत जरूर छापा.

कागदांचं थोडक्यात

लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही काही वर्षांनी कागद पिवळा करतात आणि निघत नाहीत. गंजलेल्या टाचण्या सपाट पात्याने हळूच उचलून काढा. मजकूर 300 डीपीआयला स्कॅन केला तरी चालतो, फोटोंना 600 ठेवा. थर्मल कागदावरची छपाई उडून जाते, ती आधी स्कॅन करा. सहीसोबत मारायचा वैयक्तिक शिक्का सापडला तर तो ज्या संस्थेने दिला तिला परत करा. आठवण म्हणून कागदावरचा ठसा पुरे.

जुन्या डायलपासून जपून

कपाटात विमानाचं जुनं गोल डायल असेल आणि आकड्यांवर तपकिरी झालेला जाडसर रंग दिसत असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या उपकरणांत तो सर्रास असे. आता चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चमकणारं रसायन झिजलेलं असतं, रेडियम तिथेच असतं. त्याचा अर्धायुकाल सुमारे 1600 वर्षांचा आहे. काच उघडायची नाही, घासायची नाही, उशाशी ठेवायचं नाही. काच फुटलेली असेल तर पिशवीत बंद करून किरणोत्सर्ग सुरक्षेचं काम बघणाऱ्या सरकारी यंत्रणेला कळवा.

डब्यात जांभळट द्रव असेल तर ते बहुधा फॉस्फेट एस्टरचं हायड्रॉलिक द्रव. त्वचेची आग होते, डोळ्यांत गेलं तर भयंकर. किमान 15 मिनिटं पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा. कामाचे जुने कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवू नका. सोनेरी झाक असलेल्या बोल्टवर कॅडमियमचा मुलामा असतो, त्याला तारेचा ब्रश लावू नका.

आणि लांबट धातूचा डबा, त्याला दोरी किंवा पिन, असं काही दिसलं तर हातही लावू नका. प्रवाशांच्या मास्कचा रासायनिक ऑक्सिजन जनरेटर असू शकतो. पेटला की त्याचं कवच 200 अंश सेल्सियसच्या वर तापतं. 11 मे 1996 रोजी फ्लोरिडात व्हॅल्यूजेटच्या विमानाला आग लागून 110 माणसं गेली, ती मालाच्या कप्प्यात ठेवलेल्या अशाच जनरेटरमुळे. अग्निशमन दलाला विचारा.

वरच्यात एक भर, सुट्या भागांबद्दल

टर्बाइनचं पातं घरात असेल तर खुशाल ठेवा. भिंगातून बघा : बऱ्याच पात्यांत कडेने ओळीत बारीक छिद्रं दिसतील. त्यांतून थंड हवा पात्यावर पसरते, म्हणूनच ज्या वायूत धातू वितळला असता त्यातही ते टिकतं. पण बोल्ट, बेअरिंग, पंप असले भाग कागदपत्रांशिवाय विकू नका. 1989 मध्ये कॉन्व्हेअर 580 जातीचं एक विमान समुद्रात पडून 55 जण गेले. शेपटीचे बनावट, कमी ताकदीचे बोल्ट हे त्याचं कारण निघालं. द्यायचेच झाले तर आधी आटे कापून भाग निकामी करा. हे स्वतः असते तर त्यांनी हेच केलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ज्यांचे 'हे' अजून समोर बसलेले आहेत

आजच रेकॉर्डिंग सुरू करा. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं की ही माणसं 'काय सांगायचं, काम केलं' म्हणून गप्प होतात. पेटीतलं एक हत्यार हातात द्या आणि 'हे कुठल्या जागी लागायचं?' एवढंच विचारा. इंजिनांच्या आवाजाने कान गेलेले असतात, आणि आधी जातात ते उंच स्वर. ओरडू नका. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, पंखा बंद करा, खालच्या पट्टीत सावकाश बोला. एका बैठकीत वीस मिनिटं बास.

तारेचा तुकडा फेकू नका

पेटीच्या तळाशी पिळलेल्या तारेचा तुकडा सापडतो, कचरा म्हणून तो पहिला जातो. ती लॉकवायर. दोन बोल्टांमध्ये अशी ओवायची की एक सैल होऊ लागला तर तार दुसऱ्याला घट्ट करण्याच्या दिशेने ओढेल. इंचाला 6 ते 8 पीळ, जास्त पिळली तर तुटते, कमी पिळली तर सैल राहते. वापरलेली तार पुन्हा वापरत नाहीत. टोक बघा : तीन-चार पिळांची शेपटी ठेवून ते आत वळवलेलं असेल, पुढच्या शिफ्टमधल्या माणसाचा हात चिरू नये म्हणून. फ्रेममध्ये लावणार असाल तर ते टोक सरळ करू नका.