सगळ्यात नवी आवृत्ती आपोआप का घ्यायची?

शंकेखोर:
सप्टेंबर 2025 मध्ये चॉक, डीबग वगैरे पॅकेजं (इतरांच्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) सांभाळणाऱ्याला खोटी ईमेल पाठवून त्याचं खातं बळकावलं गेलं आणि क्रिप्टो पळवणाऱ्या आवृत्त्या एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारावर, चढल्या. काही तासांत त्या काढल्या. पण तेवढ्यात कोणी लॉकफाइलशिवाय (नेमक्या आवृत्त्या नोंदवून ठेवणारी फाइल) इन्स्टॉल केलं असेल, तर त्याला त्याच मिळाल्या. कारण एनपीएम आवृत्तीच्या आकड्याआधी न विचारता कॅरेट (^) लावतं. त्याचा अर्थ: मुख्य, म्हणजे पहिला आकडा बदलत नाही तोवर सगळ्यात नवी घे. म्हणजे सगळ्यात कमी लोकांनी वापरलेली! गो भाषेत उलटं आहे. सगळ्यांच्या अटी भागवणारी किमान आवृत्ती निवडतात. काल रात्री आलेली, कोणी मुद्दाम मागितल्याशिवाय आत शिरत नाही. शिवाय इन्स्टॉल करताना पॅकेजची स्क्रिप्ट (त्याच्यासोबत आलेला छोटा प्रोग्राम) चालत नाही. एनपीएमवर मात्र वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आली. लोकांना निष्काळजी म्हणण्याआधी मूळ सेटिंग बदला.

बॅकेंडवाली:
असहमत. डिसेंबर 2021 चं लॉगफोरजे आठवतंय? जावाच्या त्या लायब्ररीत मोठं भगदाड सापडलं होतं. मेव्हनमध्ये (जावासाठीचं एनपीएमसारखं साधन) बहुतेक जण आवृत्ती पक्की लिहितात, तुम्हाला हवं तसंच. परिणाम? दुरुस्ती आली तरी ती आपोआप कुठेच पोचली नाही. कुठल्या लायब्ररीच्या पोटात कुठली लायब्ररी दडलीय, हे शोधत लोक सुट्टीतही बसले होते.

शंकेखोर:
दुरुस्ती हवीच, पण थोडं थांबून. पीएनपीएममध्ये (एनपीएमऐवजी वापरायचं साधन) 2025 पासून तशी सोय आहे: आवृत्ती ठरावीक काळ जुनी झाल्याशिवाय घ्यायची नाही.

बॅकेंडवाली:
आणि सगळेच थांबले तर घातक आवृत्ती आधी सापडणार कोणाला?

शंकेखोर:
नवं पॅकेज आलं की तपासणाऱ्या सुरक्षा कंपन्या आहेत की. त्यासाठी माझ्या सर्व्हरचा बळी कशाला?

जुना पेंग्विन:
दोघांचंही भांडण वरवरचं. 2016 मध्ये लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचं काम) कोसळले. 11 ओळी! त्या स्वतः लिहायच्या. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) प्रत्येक पॅकेजमागे एक जबाबदार माणूस असतो, कोणीही उठून काहीही चढवत नाही.

बॅकेंडवाली:
पेंग्विनकाका, मार्च 2024 चं एक्सझेड? फाइली आवळणाऱ्या त्या साधनात कोणीतरी चोरून शिरायची वाट ठेवली होती. ते मागचं दार तुमच्या डेबियनच्या अनस्टेबलमध्ये (नवं सगळं आधी येतं ती शाखा) पोचलंच होतं. एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरताना) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एका अभियंत्याने खोदलं, म्हणून कळलं.

जुना पेंग्विन:
स्टेबलमध्ये, म्हणजे तपासून पक्क्या झालेल्या शाखेत, पोचलं नाही ना? तेच म्हणतोय. अनस्टेबल त्यासाठीच असतं. एनपीएमवर ही पायरीच नाही. तिथे सगळं जग अनस्टेबलवर चालतं.

शंकेखोर:
काका, हेच तर मी पहिल्या प्रतिसादात थांबण्याबद्दल म्हणत होतो.