स्पार्कवर पायथनला ४२ मिनिटं, स्कालाला १३. सगळं पुन्हा लिहायचं का?

रात्रपाळी (प्रश्न):
एका दूध संघाचा संकलनाचा डेटा आमच्याकडे येतो. तीन वर्षांच्या मिळून ६ कोटी ओळी, सगळ्या सीएसव्हीत: लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घनपदार्थ). गोची अशी की काही केंद्रांचं सॉफ्टवेअर फॅट इंग्रजी अंकांत लिहितं आणि काहींचं सरळ '४.२' असं देवनागरीत. स्पार्क ३.५ मध्ये (अनेक मशीनवर वाटून मोठा डेटा हाताळणारी प्रणाली) डबलला, म्हणजे दशांश आकड्याला, कास्ट केलं की देवनागरीवाले सगळे नल, म्हणजे रिकामे. सरासरी नल धरतच नाही, त्यामुळे महिनाभर कुणाला पत्ताच लागला नाही.

पायथनचा फ्लोट देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो. म्हणून एका ओळीचं यूडीएफ (स्पार्कमध्ये आपण स्वतः जोडलेलं फंक्शन) लिहिलं, तिन्ही कॉलमना लावलं. ४२ मिनिटं. टीममधल्या एकाने तेच काम स्काला यूडीएफने केलं, त्याच क्लस्टरवर, तेवढ्याच एक्झिक्युटरवर (प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रोसेस). १३ मिनिटं. (स्कालाचा टू-डबल देवनागरीवर एक्सेप्शन फेकतो, त्यामुळे त्याला अंक आधी बदलून घ्यावे लागले. तरी १३!) साहेबांनी दोन आकडे पाहिले आणि फर्मान काढलं, सगळी पाइपलाइन स्कालात आणा. आम्ही चौघं, स्काला येणारा एकटाच, आणि तोही नोटीस पिरियडवर.

एक कोडं सुटत नाहीये. शेवटी राइटऐवजी काउंट (नुसत्या ओळी मोजणं) लावून वेळ मोजला तर दोन्ही सारखेच, दीड मिनिटाच्या आत. मग हळू आहे तरी काय?

शफलवाला:
काउंटचं आधी सांगतो. काउंटला तुमच्या फॅटच्या कॉलमशी काही देणंघेणं नाही, म्हणून कॅटॅलिस्ट (स्पार्कचा क्वेरी-ऑप्टिमायझर) तो कॉलमच प्लॅनमधून छाटून टाकतो. यूडीएफ एकदाही चाललेलं नाही, तुम्ही नुसती फाइल वाचायचा वेळ मोजलात. मोजायचंच असेल तर 'नूप' फॉरमॅटला राइट करा, ३.० पासून आहे. सगळं काम होतं, डिस्कवर काही लिहिलं जात नाही.

आता ४२ मिनिटं. एक्सप्लेन (स्पार्कचा प्लॅन दाखवणारी कमांड) काढा, त्यात 'बॅच-इव्हॅल-पायथन' दिसेल. स्पार्क चालतो जेव्हीएमवर, म्हणजे जावा आणि स्काला ज्यावर चालतात त्या इंजिनावर. तुमचा डेटाफ्रेमचा कोड पायथनमध्ये असला तरी तो पायफोरजेमार्फत (पायथन-जावा जोडणारी लायब्ररी) फक्त प्लॅन पोचवतो, राबतं जेव्हीएमच. यूडीएफ आलं की चित्र पालटतं. ओळी पिकल होतात (पायथनला वाचता येतील अशा बाइट्समध्ये बांधल्या जातात), शंभर-शंभरची गाठोडी शेजारच्या पायथन प्रोसेसकडे जातात आणि उत्तरं तशीच परत येतात. तुमच्या फ्लोटला लागणारा वेळ त्यापुढे किरकोळ. ६ कोटी ओळींची ही जा-ये म्हणजे तुमची ४२ मिनिटं.

यूडीएफ काढा. स्पार्कचं स्वतःचं ट्रान्सलेट फंक्शन आहे: पहिल्या स्ट्रिंगमध्ये ० ते ९ देवनागरीत, दुसरीत तेच इंग्रजीत, मग कास्ट. पायथनमधूनच लिहा.

रात्रपाळी:
एक्सप्लेनमध्ये अगदी तेच होतं. ट्रान्सलेट लावलं, खरंखुरं राइट केलं: ९ मिनिटं. म्हणजे स्काला यूडीएफपेक्षाही कमी? हे कसं काय?

शफलवाला:
स्काला यूडीएफ जेव्हीएममध्येच चालतं, पण कॅटॅलिस्टसाठी तीही बंद पेटीच. आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही, आणि स्पार्कची आतली स्ट्रिंग प्रत्येक ओळीला जावा स्ट्रिंग करून द्यावी लागते. ट्रान्सलेट हेच स्कालातून लावा, तीच ९ मिनिटं येतील. प्लॅन एकच.

जुनीखोडं:
शर्यत बरोबरीत सुटली म्हणून स्कालाला अगदीच मोडीत काढू नका. पायथन वर्करची मेमरी जेव्हीएमच्या हीपबाहेर (त्याच्या स्वतःच्या मेमरीबाहेर) असते. यूडीएफमध्ये जरा जड लायब्ररी ओढली की यार्न (क्लस्टरची संसाधनं वाटणारी व्यवस्था) कंटेनर मारतं, आणि आपण उगाच एक्झिक्युटर मेमरी वाढवत बसतो. मी एकदा दोन रात्री यात घालवल्यात. वाढवायचं होतं मेमरी-ओव्हरहेड. स्वतःचं ॲग्रिगेशन लिहायचं असेल, आरडीडीवर (स्पार्कचा डेटाफ्रेमच्या खालचा मूळ थर) काम असेल, तर मी आजही स्कालाच घेईन. पण त्याचबरोबर, टाइप्ड डेटासेटवर मॅप-फिल्टरचे लॅम्डा लावून 'स्काला आहे, म्हणजे वेगवान' म्हणणारेही पाहिलेत. तिथेही प्रत्येक ओळीचा ऑब्जेक्ट बांधला जातो.

रात्रपाळी:
साहेबांना तिन्ही आकडे पाठवले, फर्मान तूर्त स्थगित. आता एकच यूडीएफ उरलंय: उत्पादकांची नावं जुळवणं. 'कुऱ्हाडे' तीन तऱ्हांनी टाइप होऊन येतं, दिसायला एकच. पायथनच्या युनिकोडडेटाने नॉर्मलाइझ करतोय. यालाही बिल्ट-इन आहे का?

शफलवाला:
नॉर्मलाइझला पांडाज यूडीएफ (ओळींचे गठ्ठे एकदम घेणारं) घ्या. ॲरोमधून (जेव्हीएम आणि पायथनमध्ये डेटा पोचवणारा फॉरमॅट) १०,००० ओळींचा घास जातो, शंभरचा नाही. पण एनएफसीने (युनिकोडचं एक नॉर्मलाइझ रूप) दोनच तऱ्हा एक होतील: अखंड ऱ, आणि र खाली नुक्ता. साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोड-चिन्ह) लावून केलेला तिसरा तसाच राहील. तो आधी बिल्ट-इन रिप्लेसने बदलून घ्या.