ट्रक निघण्यापूर्वीची तपासणी: दोष नसला तरी सही हवी का?

धागाकर्ता (ट्रकच्या ताफ्याचा व्यवस्थापक)

मालवाहू ट्रक बाहेर काढण्यापूर्वी चालकाने टायर, ब्रेक, दिवे, अग्निशामक, परावर्तक त्रिकोण आणि कागदपत्रे पाहावीत, याबद्दल कोणाचे दुमत नसावे. वाद आहे तो नोंदीचा. दोष आढळो वा न आढळो, प्रत्येक फेरीपूर्वी तपासणीपत्रक भरून त्यावर चालकाने सही केलीच पाहिजे, असे माझे मत आहे. दोष सापडला तरच लिहायचे ठरवले, तर कोऱ्या दिवसाचे दोन अर्थ निघतात: गाडी पाहिली आणि ती ठीक होती, किंवा गाडी पाहिलीच नाही. अपघातानंतर यातला खरा अर्थ कोणता हे दाखवायला मालकाकडे फारसे काही उरत नाही, आणि चालकाकडे तर त्याहूनही कमी.

चालक

सही घेतल्याने ते दोन अर्थ एक होत नाहीत. केबिनमध्ये बसून, इंजिन सुरू ठेवून, चाळीस चौकटींत बरोबरच्या खुणा करून पत्रक परत करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि घाईच्या दिवशी मीही ते केले आहे. अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मालवाहू व्यावसायिक वाहनांच्या चालकांवरची ‘दोष नाही’ असा अहवाल लिहिण्याची सक्ती काढून टाकली गेली. गाडी सुरक्षित आहे याची निघण्यापूर्वी खात्री करण्याचे बंधन मात्र कायम राहिले. मला तोच मार्ग पटतो.

धागाकर्ता

उदाहरण अर्धेच लागू पडते. तो अहवाल दिवसाचे काम संपल्यावर लिहायचा असे, निघण्यापूर्वी नव्हे. उलट ब्रिटनच्या वाहन-मानक यंत्रणेची मार्गदर्शिका दोष नसल्याचीही नोंद ठेवणे उपयुक्त मानते, आणि दोष व त्यावरील दुरुस्तीची नोंद किमान १५ महिने जपून ठेवायला सांगते.

कार्यशाळेतला मेकॅनिक

दोघेही सहीवर भांडत आहात. माझी तक्रार चौकटीवर आहे. ‘ब्रेक’ या शब्दापुढे खूण म्हणजे नेमके काय पाहिले? एअर ब्रेकच्या टाकीत पूर्ण हवा भरून, चाकांखाली अडसर लावून, हातब्रेक सोडून, इंजिन बंद करून, पेडल एक मिनिट दाबून धरले, तर हवेच्या दाबाचा काटा किती उतरतो ते दिसते. ट्रेलर जोडलेल्या गाडीला अमेरिकेतील चालक-परीक्षेत या एका मिनिटात ४ पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचावर पौंड, हे दाबाचे माप) जास्त घट चालत नाही. तेवढ्यानेही सगळे कळत नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो, पुशरॉडला, म्हणजे ब्रेक लावणाऱ्या दांडीला, जास्त अंतर जावे लागते, आणि सपाटीवर मंद वेगात ठीक वाटलेला सैल ब्रेक लांब उतारावर कमी पडतो. ही गोष्ट गाडीभोवती फेरी मारून दिसत नाही, ती कार्यशाळेतच मोजावी लागते. जोडचाकांतला आतला टायरही तसाच. त्यात हवा कमी असली तर शेजारचा टायर भार उचलून ती उणीव लपवतो, आणि हातोडीने ठोकून फक्त पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, कमी दाबाचा नाही. म्हणून खुणेऐवजी आकडा लिहून घ्या: टायरचा दाब, मिनिटात उतरलेली हवा. आठवड्याचे आकडे शेजारी ठेवले की कुठे गळती वाढते आहे ते दिसते.

चालक

आकडाही कालचाच उतरवता येतो. तरी खोटी खूण करण्यापेक्षा खोटा आकडा लिहिताना हात जरा अडखळतो, एवढे मान्य करतो. पण मग पत्रक लहान करा. विमा आणि फिटनेसची मुदत रातोरात अनपेक्षित संपत नाही, ती कार्यालयाने सांभाळावी. कागद या गाडीचे, या ट्रेलरचे आणि या मालाचे आहेत ना, एवढेच मी पाहीन. दोर, पट्टे यांना मात्र निघण्यापूर्वीची एक नजर पुरत नाही. माल बसतो आणि ते सैल पडतात. म्हणूनच पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून ते पुन्हा तपासण्याचा नियम अमेरिकेत आहे, आणि सकाळी केलेल्या सहीत ते थांबणे कुठेच येत नाही.

धागाकर्ता

कागदांच्या मुदती कार्यालयाकडे, हे मान्य. वाटेतल्या तपासणीसाठी वेगळी ओळही ठेवता येईल. ‘दोष नाही’वरची सही मात्र मी सोडणार नाही.

चालक

मग मला हे सांगा: मी टायरचा दोष लिहिला, आणि ‘माल उशिरा पोहोचेल, आज घेऊन जा’ असे उत्तर मिळाले, तर त्या पत्रकावर सही कोणाची राहते? सध्या तरी एकट्या माझीच.

धागाकर्ता

आमच्या पत्रकात दोषाखाली दुसऱ्या सहीची जागा नाही, हे खरे आहे. पुढच्या छपाईत दुरुस्ती करणाऱ्याची, आणि दुरुस्तीविना गाडी सोडली तर सोडणाऱ्याची, म्हणजे बहुतेक वेळा माझी, अशी जागा ठेवतो.