सोसायटी ग्रुप: सासूबाईंचे आखडलेले खांदे

डी-101: नमस्कार मंडळी. सासूबाईंचे खांदे महिनाभर आखडलेत. डॉक्टरांना दाखवलं, हाडाचं काही नाही, हलकं मालीश करा म्हणाले. पण मी दाबलं की त्या कळवळतात. दिवाळीच्या अभ्यंगाला तरी त्यांना मोकळं वाटावं असं फार वाटतंय. कुणाला नीट येतं का?

ए-502: मोहरीचं तेल कोमट करून चांगलं रगडा. आमच्या गावी तेच करतात.

बी-304 (फिजिओ काकू): रगडू नकोस गं. तू वरून अंगठा रोवतेस, खाली हाड, मधे स्नायू चेंगरतो, म्हणून त्या कळवळतात. मळायचं म्हणजे स्नायू हाडापासून वर उचलायचा. कणीक तिंबताना आपण ती नुसती परातीत दाबत नाही, उचलतो, दुमडतो, मग दाबतो. हात तसाच चालला पाहिजे.

डी-101: काकू, जरा नीट सांगा ना. त्या समोरच बसल्यात.

बी-304: टेबलावर दोन उशा ठेव आणि त्यांना पुढे वाकून डोकं टेकू दे. खांद्यांवर डोक्याचा भार नसला की ते सैल पडतात. तुझ्या अंगठ्या, बांगड्या काढ. नखं वाढलेली असतील तर काप.
आधी दोन-तीन मिनिटं तळहाताने मानेपासून खांद्याकडे नुसतं तेल पसरव. मग मान आणि खांद्याच्या मधे जाड पट्टा हाताला लागेल, तो एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने चार बोटं अशी मुठीत धर. उचल, हळू पिळ, सोड. एक हात सोडतो तेव्हा दुसऱ्याने धरायचं. बोटांच्या टोकांनी धरलंस तर चिमटा बसेल, पूर्ण बोटं टेकव. मणक्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला अजिबात नाही, गळ्यात मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

डी-101: हात सटकतोय.

बी-304: तेल जास्त झालं. फडक्याने पूस. मळायला पकड लागते, त्यामुळे चमचाभर तेल दोन्ही खांद्यांना पुरतं. अभ्यंगाला घाल हवं तेवढं.

डी-101: आता धरता आलं!! डोळे मिटून बसल्यात. "इथेच, इथेच" म्हणतायत. 🙏

बी-304: छान. एका बाजूला पाच-सात मिनिटं पुरे. उद्या अंग ठणकलं तर जोर जास्त झाला असं समज आणि परवा कमी कर.

सी-207: स्पामध्ये याला पेट्रिसाज म्हणतात ना? स्वीडिश मसाज?

बी-304: हो. फ्रेंचमध्ये पेत्रीर म्हणजे कणीक मळणं, त्यावरून ते नाव. मसाजला स्वीडिश म्हणतात, शब्द फ्रेंच, आणि 19व्या शतकात ही पद्धत नीट बसवून शिकवणारे डॉ. मेझगर ॲमस्टरडॅमचे. आपल्याकडे मर्दन, संवाहन हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत.

सी-207: चेहऱ्याला चालतं का काकू? हनुवटीखालची चरबी जाईल?

बी-304: चरबी मालिशने जात नाही गं, कुणी पैसे मागितले तरी देऊ नकोस. मळल्यावर थोडा वेळ रक्त वर येतं, गाल तजेलदार दिसतात, तेवढंच. पण आखडलेला जबडा खरंच सैल होतो. रात्री दात खाणाऱ्यांना त्याने फार बरं वाटतं. दात घट्ट आवळ, कानाच्या पुढे खालच्या बाजूला एक गोळा टणक होईल. तो सापडला की तोंड सैल सोड आणि दोन बोटांनी तिथे हळूहळू गोल मळ.
जबड्याच्या कडेला अंगठा खाली, तर्जनी वर, त्वचेची बारीक चिमूट हनुवटीकडून कानाकडे सरकवत न्यायची. लाल वळ उठला तर जोर जास्त झाला. डोळ्यांभोवती मळायचं नाही, अनामिकेने नुसतं फिरवायचं. पिकलेली मुरुमं असतील तर हातच लावू नकोस.

ए-403: काकू, पोटरीचंही सांगा. आई मंगळवारी अमेरिकेहून आली, डावी पोटरी दुखतेय. बायको तेल गरम करतेय.

बी-304: थांब. एकच पाय? सूज आहे? हाताला गरम लागतो का? दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघ.

ए-403: फक्त डावा. सुजलाय, घोट्याजवळ बोटाने दाबलं तर खळगा राहतोय. गरमही लागतोय.

बी-304: तेल बंद करा. मळू नका, चेपू नका, शेकू नका. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाला असं झालं तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आणि ती सुटली तर फुफ्फुसात जाते. गुठळी नसेलही, पण हात लावून ते कळत नाही. आत्ताच हॉस्पिटलमध्ये जा, सकाळची वाट बघू नकोस. विमानप्रवास आणि एकच पाय, हे आधी सांग. ते डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करतील. धाप लागतेय का त्यांना? छातीत दुखतंय?

ए-403: नाही काकू. निघतोय.

ई-105: माझी गाडी गेटपाशीच आहे. खाली या, मी येतो सोबत.

बी-304: लिफ्टपर्यंत चालवू नका, चाकाची खुर्ची आमच्याकडे आहे, मी घेऊन वर येतेय. गोळ्यांची पिशवी आणि जुने रिपोर्ट घ्या.