शेंगदाण्याचा लेक्टिन: कंट्रोलच्या तांबड्या पेशीही का गोळा होताहेत? आणि याच विषयात पुढे जायचं तर?

लेक्टिन_निपाणी
डिग्री कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवतोय, अतिथी प्राध्यापक म्हणून. पुढे ग्लायकोबायोलॉजी (पेशींवरच्या साखरांचा अभ्यास) आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यात पीएचडी करून विद्यापीठात जायचं आहे. तोवर शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक प्रयोग बसवतोय. सियालिडेज (पेशीवरच्या साखरसाखळीच्या टोकाचं सियालिक ॲसिड कापणारं एन्झाइम) दिलेल्या तांबड्या पेशी शेंगदाण्याच्या लेक्टिनने (साखरेला चिकटणाऱ्या प्रथिनाने) गोळा होतात, न दिलेल्या (कंट्रोल) होत नाहीत, हे दाखवायचं. न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) श्वसनमार्गात सियालिक ॲसिड कापतो, त्याचंच हे प्लेटमधलं रूप.

कृती अशी: बाजारचे कच्चे शेंगदाणे १० ग्रॅम, सालासकट मिक्सरला. १०० मिली पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर सलाईन) रात्रभर फ्रीजमध्ये, मग फडक्यातून गाळून ५००० आरपीएमला १५ मिनिटं. ओ गटाचं ईडीटीए रक्त (एथिक्स समितीची परवानगी आहे), २ टक्के पेशी, यू तळाची प्लेट. पहिल्या दिवशी कंट्रोल अर्क १:८ पातळ करेपर्यंत गोळा. सहाव्या दिवशी त्याच रक्ताचा कंट्रोल १:६४, म्हणजे सियालिडेज दिलेल्यांच्या बरोबरीला. ०.२ मोलर गॅलॅक्टोज घातलं की टायटर (किती पातळ अर्कापर्यंत पेशी गोळा होतात तो आकडा) थोडं उतरतं, पण जात नाही. कुठं चुकतंय?

दुसरं म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेसाठी केसेट (कर्नाटकाची) द्यावी की नेट (देशपातळीची)? आणि फ्लूचा विषाणू कॉलेजात वाढवता येईल काय?

खानापूरचा_फणस
तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्यात. पहिल्या दिवशीचा १:८ हा बहुधा लाल सालाचा प्रताप. सालात टॅनिन असतं, ते साखर न बघताच पेशी चिकटवतं. सहाव्या दिवशीचा १:६४ मात्र खरा लेक्टिनचाच दिसतो. रक्तात जंतू शिरले की त्यांचं सियालिडेज फ्रीजमध्येही हळूहळू काम करत राहतं. ग्लायकोफोरिनवरचं (तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) सियालिक ॲसिड उडतं आणि खालचा टी-अँटिजेन, म्हणजे गॅलॅक्टोज आणि एन-असिटिल गॅलॅक्टोसामाईनची जोडी, उघडा पडतो. शेंगदाण्याच्या लेक्टिनला नेमकी तीच हवी. १९२० च्या दशकात हा प्रकार सापडला तोही जंतू शिरलेल्या रक्तातच, म्हणजे तुमचा कंट्रोल शंभर वर्षांपूर्वीचा शोध पुन्हा लावतोय!

दोन्ही वेगळे करायची युक्ती सोपी आहे. आधी टायटर काढा, मग लेक्टिन ४ हिमॅग्लुटिनेशन युनिटांवर (पेशी गोळा करायच्या ताकदीचं एकक) आणा. म्हणजे टायटर ६४ असेल तर १:१६ चं द्रावण. त्यात ०.१ मोलर लॅक्टोज, आणि शेजारच्या रांगेत तेवढंच ग्लुकोज. लॅक्टोजने थांबलं आणि ग्लुकोजने नाही, तर लेक्टिन. दोन्हींनी थांबलं नाही तर टॅनिन. तुम्ही साखर बहुतेक दाट अर्कावरच टाकलीत, म्हणून अर्धवट उत्तर आलं.

रक्त ताजं घ्या, फार तर दोन दिवसांचं. सलाईनने तीनदा धुवा, आणि हे धुणं टाळू नका. माणसाच्या प्लाझ्मात टी-अँटिजेनविरुद्ध अँटिबॉडी मुळातच असतात. प्लाझ्मा राहिला तर सियालिडेज दिलेल्या पेशी लेक्टिनशिवायच गोळा होतील. म्हणून लेक्टिन नसलेला एक खड्डा दोन्ही पेशींसाठी ठेवाच. वापरलेलं सगळं १ टक्का हायपोक्लोराईटमध्ये.

वाचताना प्लेट तिरपी धरा. निगेटिव्ह खड्ड्यातलं बटण थेंबासारखं खाली ओघळतं, पॉझिटिव्हमधली चादर जागची हलत नाही. चादरीच्या कडा दुमडून मधे गोळा झालेली दिसली की नवखे तिला बटण म्हणतात, तिथं फसू नका.

बफर_बेळगाव
वरच्या उत्तरात ईडीटीए राहिलं. शेंगदाण्याच्या लेक्टिनला कॅल्शियम आणि मँगनीज लागतं. कॉलराच्या जंतूचं सियालिडेज वापरत असाल तर त्यालाही कॅल्शियम लागतं. ईडीटीए धुऊन गेलं नाही तर दोन्ही मंद पडतात. कॅल्शियम वरून घालायचं तर पीबीएसमध्ये नको, फॉस्फेटबरोबर पांढरा साका बसतो आणि त्यालाच मुलं ॲग्लुटिनेशन समजतात. ट्रिस सलाईन घ्या, पीएच ७.४, कॅल्शियम आणि मँगनीज दोन्हींचं क्लोराईड १ मिलिमोलर. क्लोस्ट्रिडियमचं सियालिडेज मिळालं तर कॅल्शियमची कटकटच नाही.

अर्कातलं तेलही काढायला हवं. पूड थंड पेट्रोलियम ईथरमध्ये दोनदा ढवळून वाळवा. बर्नर बंद, खिडक्या उघड्या. तेल राहिलं तर पेशी फुटतात आणि खड्डे नुसते लाल होतात. मग बर्फावर अमोनियम सल्फेट, १०० मिलीला साधारण ५२ ग्रॅम, म्हणजे ८० टक्के संपृक्तता. थोडं थोडं घाला. साका ट्रिस सलाईनमध्ये विरघळवून पिशवीत भरा आणि ट्रिस सलाईनमध्येच डायलिसिस करा, म्हणजे क्षार पिशवीबाहेर जातात. सल्फेट गेलं की नाही ते बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराईडचा थेंब टाकून बघतात. पीबीएसमध्ये हा थेंब फॉस्फेटमुळेही पांढरा होतो, तिथं ही तपासणी निरुपयोगी.

आरपीएम सांगून काही कळत नाही. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये धरून ‘जी’ (गुरुत्वाच्या किती पट ओढ) काढा: ०.००००१११८ × त्रिज्या × आरपीएमचा वर्ग. ८ सेंटिमीटरला ५००० म्हणजे जेमतेम २२०० जी. अर्काला १०,००० च्या पुढं हवं.

धारवाड_कोल्हापूर_फेरी
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. नेटच द्या, सीएसआयआरची लाईफ सायन्सेस. केसेट कर्नाटकापुरती चालते, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती. निपाणीतून कोल्हापूर जवळ आणि धारवाड लांब, पण केसेट हातात असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या जाहिरातीला तिचा उपयोग नाही. सीमेवरच्या माणसानं एकाच राज्याचा कागद घेऊन बसू नये. नेटमध्ये जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) लागली तर पीएचडीच्या काळातल्या पैशांचा प्रश्नही सुटतो. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाला पीएचडी सक्तीची नाही, पण या विषयात पीएचडीशिवाय निवड समितीपुढं टिकणं अवघड.

फ्लू कॉलेजात नको. हंगामी फ्लूलाही बीएसएल-२ (जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीची प्रयोगशाळा) लागतं, कोविडचा विषाणू किंवा टीबीचा जंतू वाढवायचा तर बीएसएल-३. पीएचडीसाठी न्यूमोकोकस घ्या: तोही बीएसएल-२ मध्ये बसतो, आणि तुमचा प्रयोग त्याच्याशीच जोडलेला आहे. त्याचं नानए सियालिडेज, ए५४९ पेशी (माणसाच्या फुप्फुसाच्या, पुण्याच्या एनसीसीएसमधून मिळतात) आणि शेंगदाण्याच्या लेक्टिनचं फ्लुरोसन्स, एवढ्यावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहतं. फ्लूचं न्यूरामिनिडेजही सियालिक ॲसिड कापून न्यूमोकोकसला वाट मोकळी करतं, म्हणजे तो विषयही सुटत नाही. जीन क्लोन करणार असाल तर आधी संस्थेची आयबीएससी (जैवसुरक्षा समिती) आहे का ते विचारा, नाहीतर प्रस्ताव कपाटातच पडून राहील.

गाईड निवडताना तिथं काम चालणारा मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) आहे का, तेवढं विचारून घ्या. लेक्टिनवर साखरेचा अंदाज येतो, रचना ठरत नाही. बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची संस्था आहे, बुरशीच्या लेक्टिनवर धारवाडला काम झालंय. अतिथी असताना बहुतेक संशोधन निधी तुमच्या नावावर मिळत नाही, कायम प्राध्यापक सोबत लागतो.

लेक्टिन_निपाणी
आभार. साल काढायला गरम पाणी चालेल काय?

खानापूरचा_फणस
नको. भाजूनही नको, लेक्टिन कमी होईल. थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, चोळून साल काढा, पाणी टाकून द्या. दाण्याच्या टोकाशी लाल कण राहतो, तो नखानं काढा. आणि ते भांडं स्वयंपाकघरात परत नेऊ नका.