पाणथळ : निचरा करायची जमीन की राखायची जागा?

शिरोळकर (प्रश्न)
नमस्कार मंडळी. आमचं गाव उसाच्या पट्ट्यातलं. 'पाणथळ' हा शब्द मी घरात काळजीच्या सुरातच ऐकत आलो. "खालचा तुकडा पाणथळ झाला" म्हणजे आता तिथे ऊस साधत नाही, चर काढून निचरा करायला हवा. सरकारी कागदांतही 'क्षारपड व पाणथळ जमीन सुधारणा' अशी जोडी भेटते. यंदा मुलीच्या शाळेत २ फेब्रुवारीला 'जागतिक पाणथळ दिन' झाला. घरी येऊन ती विचारते, "बाबा, पाणथळ जागा वाचवायच्या असतात, मग आपण आपली का सुधारतोय?" मला उत्तर देता आलं नाही. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे?

नाशिककर
दादा, मुळात शब्दात बरं-वाईट काही नाही. पाणी अधिक थळ, म्हणजे स्थळ. पाणवठा, पाणलोट, पाणकोंबडी, पाणकणीस यांतलाच हा 'पाण'. काळजीचा सूर शेतकऱ्याच्या अनुभवाने चढला, आणि तो खोटा नाही.

ठाण्याची वाचक
मुलीने नेमकं बोट ठेवलं आहे. 'जागतिक पाणथळ दिना'तला अर्थ पाणथळ जागा राखण्यासाठीच्या एका आंतरराष्ट्रीय करारातून आला. इराणमध्ये कॅस्पियन समुद्राकाठी रामसर नावाचं गाव आहे. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी हा करार झाला, म्हणून दिवस तो. भारताला तो १ फेब्रुवारी १९८२ पासून लागू आहे. (काही ठिकाणी 'रामसर तह' असं वाचते. तह लढाईनंतर होतो. इथे कुणी हरलेलं नाही, 'करार'च बरा.)

करारातली व्याख्या आपल्या बोलीतल्या पाणथळीपेक्षा कितीतरी ऐसपैस आहे. दलदल असो की नुसतं पाणी, नैसर्गिक असो की माणसाने केलेलं, बारमाही की हंगामी, साचलेलं की वाहतं, गोडं, मचूळ की खारं, सगळं त्यात येतं. समुद्रसुद्धा, ओहोटीला सहा मीटरपेक्षा खोल नसेल तिथपर्यंत. म्हणून लोणारचं खारं सरोवर २०२० मध्ये आणि आमची ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे या करारातल्या जगभरच्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. खाडीला 'पाणथळ' म्हणताना इथल्या कोळ्यांची जीभ अडखळेल, पण रोहित पक्षी जिथे उतरतात तो गाळ व्याख्येत चपखल बसतो.

खरी गोम पुढे आहे. आपल्या देशाचे पाणथळ जागांचे नियम २६ सप्टेंबर २०१७ चे. त्यांनी हीच व्याख्या जवळजवळ शब्दशः घेतली आणि शेवटी एक 'परंतु' जोडला. नदीचं पात्र, भातखाचरं, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मत्स्यशेती, मीठ, करमणूक आणि सिंचन यांसाठी केलेली बांधकामं वगळली. करारात मिठागरही पाणथळ आणि भातखाचरही. आपल्या नियमात दोन्ही नाहीत. पाणी तेच, पक्षी तेच, एका वाक्याने संरक्षण गेलं. मला हे फार लागतं. जागा नियमाखाली आली, तर तिथे भराव घालणं, कारखाना काढणं, कचरा टाकणं यांना बंदी आहे. गेल्या दहा वर्षांतल्या पुराच्या सरासरी रेषेपासून पन्नास मीटरच्या आत पक्कं बांधकामही चालत नाही. व्याख्येबाहेर राहिलेल्या तळ्याला यातलं काहीच नाही.

नाशिककर, तुमचं नांदूर-मध्यमेश्वर बघा. गोदावरी-कादवा संगमाजवळचा हा बंधारा, म्हणजे मानवनिर्मित. तरी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ तेच.

नाशिककर
हो ताई, थंडीत चक्रवाक येतात तेव्हा तिथे पाणी कुणी अडवलं हे कुणाच्या मनातही येत नाही.

रत्नागिरीकर
कोकणात नुसतं 'पाणथळ' म्हणून भागत नाही. बांध घालून भरतीचं पाणी रोखलेली जमीन ती खाजण. तिवरांचं रान ते कांदळवन. मीठ पिकतं ते मिठागर. गोव्यात खाजणाच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराला मानस म्हणतात. इतके नेमके शब्द असताना सरकारी मराठीने सगळ्यांवर एकच पाटी लावली. हिंदीतलं 'आर्द्रभूमी' मात्र नको, ते दमट हवेसारखं वाटतं.

परभणीकर
शिरोळकर, तुमच्या शेताला आमच्याकडे वेगळा शब्द आहे : चिबड. कालव्याचं पाणी आलं, मोकाट दिलं गेलं आणि "जमीन चिबडली". चिबडणं ही बिघडण्याची क्रिया आहे, जागेचा स्वभाव नव्हे. पाणथळ जागा मुळातच पाण्याची असते. चिबड जमीन आपण तशी केलेली असते. तेव्हा निचरा चिबडीचा, राखण पाणथळीची. माझं तर म्हणणं आहे, योजनेच्या कागदावरही 'क्षारपड व चिबड' असंच छापावं.

ठाण्याची वाचक
परभणीकर, मनापासून आभार, हा भेद मला माहीतच नव्हता. सातबाऱ्यावर तर दोन्हींची गत सारखीच. पीक येत नाही तो 'पोटखराबा'. शेकडो पक्ष्यांची जागा आणि शब्द 'खराबा'!

अजून एक. रामसर करारातला मुख्य शब्दप्रयोग 'वाइज यूज' आहे. त्याला 'सुज्ञ वापर' म्हणतात. मला 'जपून वापर' पटतो. करार लोकांना पाण्यापासून दूर करत नाही. मासे धरा, लव्हाळी कापा, गुरं चारा, पण जागेचा मूळ स्वभाव मोडू नका, असं तो सांगतो. घरातलं मोठं माणूस पातळ किंवा भांडं हाती देताना "जपून वापर" म्हणतं, त्यात वापरणं आणि जपणं दोन्ही येतं.

शिरोळकर
सर्वांचे आभार. रात्री मुलीला सांगितलं, आपलं शेत चिबडलंय, ते सुधारायचं. तिने लगेच विचारलं, मग ओढ्याकाठची पाणकणसाची जागा? तिथे आम्ही दर उन्हाळ्यात बांध सरकवत आलोय. यंदा तो आहे तिथेच ठेवतो.