लॅपटॉप चालू केल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं वायफाय एकदम स्लो, रीस्टार्ट केलं की ठीक. काय करू?

गणितताई_सदाशिवपेठ:
मंडळी, अडलंय म्हणून विचारते. दहावीच्या मुलांचा गणिताचा ऑनलाइन क्लास घेते, सकाळी 7 ला. पावणेसातला लॅपटॉप चालू करते, विंडोज 11 आहे, वायफायच्या दांड्या फुल दिसतात पण साधं पान उघडायला मिनिट जातं आणि क्लास सुरू केला की माझा आवाज तुटतो, मुलं चॅटमधे ‘मॅडम ऐकू येत नाहीये’ टाकत बसतात. सात-पाच, सात-दहा झाले की आपोआप सुधारतं. त्याच वेळी मोबाईल त्याच वायफायवर मस्त चालतो. शट डाऊन करून परत चालू केलं तर फरक शून्य, पण रीस्टार्ट केलं की लगेच पळतं, हे कसं काय? राउटर हॉलमधे, मी आतल्या खोलीत, बिल्डिंग जुनी, दीड-दीड फुटाच्या भिंती. तपकीर गल्लीतून यूएसबी वायफाय अडॅप्टर आणू का? मुलांचं बोर्डाचं वर्ष आहे हो, रोज दहा मिनिटं वाया जातात ते बघवत नाही.

वारजेकर७७:
राउटर जुना झाला असेल, बदलून टाका.

केबलदादा:
राउटर बदलू नका ताई, मोबाईल चालतोय म्हणजे लाईन आणि राउटर दोन्ही ठीक आहेत. अडॅप्टर पण थांबा. उद्या स्लो असतानाच दोन गोष्टी बघा. सेटिंग्जमधे वायफायच्या प्रॉपर्टीज उघडा, खाली नेटवर्क बँड (वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर चालतंय की 5 वर), चॅनल (त्या बँडमधली लेन) आणि लिंक स्पीड लिहिलेलं असतं ते टिपून घ्या, मग रीस्टार्ट करून परत टिपा. दुसरं म्हणजे टास्क मॅनेजरमधे नेटवर्कच्या कॉलमवर क्लिक करा, वर कोण येतंय ते सांगा.

गणितताई_सदाशिवपेठ:
बघितलं. आधी 2.4 गिगाहर्ट्झ, चॅनल 6, स्पीड 26. रीस्टार्टनंतर 5 गिगाहर्ट्झ, चॅनल 44, स्पीड 390!! आणि सगळ्यात वर क्लाउड फोल्डरवालं अ‍ॅप होतं, मी संध्याकाळी क्लासचं रेकॉर्डिंग त्यात टाकते आणि लगेच लॅपटॉप बंद करते.

केबलदादा:
मग सापडलं की. रात्री अर्धवट राहिलेलं रेकॉर्डिंग सकाळी चालू केल्या केल्या वर चढायला लागतं, आणि नेमका तेव्हा लॅपटॉप 2.4 वर असतो. 2.4 भिंतीतून चांगला येतो म्हणून दांड्या फुल दिसतात, पण पेठेत आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर तिथेच गर्दी करतात, एकमेकांवर न येणारे चॅनल तिथे तीनच, 1, 6 आणि 11. अपलोड संपला की तुमचा आवाज सुटतो.
आता रीस्टार्टचं. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन पूर्ण होतच नाही, सिस्टिमचा आतला भाग आणि ड्रायव्हरची (वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) अवस्था डिस्कवर जपून ठेवतात आणि सकाळी तीच परत उचलतात. रीस्टार्टमधे ड्रायव्हर कोरा सुरू होतो, म्हणून तेव्हा लॅपटॉप 5 वर जातो. तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करेल ते निवडायचं पान, तिथे वरची ‘सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला’ ही लिंक दाबा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. बूटला थोडे सेकंद जास्त लागतील, लागू देत. मग डिव्हाइस मॅनेजरमधे वायफाय कार्ड, अ‍ॅडव्हान्स्ड टॅब, प्रीफर्ड बँड असेल तर 5 निवडा. रेकॉर्डिंग रात्री पूर्ण चढल्यावरच बंद करा.

पेठेतली_निशा:
माझ्याकडे बाकी सगळं करून पण अडायचं, मग त्याच कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी टिक काढली तेव्हा सुटलं. आणि गुरुवारी लाईट जाऊन आली की आधी राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मगच लॅपटॉप. आमच्या राउटरचा 5 वाला बँड जरा मागून येतो, तेवढ्यात लॅपटॉप 2.4 ला चिकटतो.

गणितताई_सदाशिवपेठ:
चार दिवस झाले, रोज चालू केल्या केल्या 5 वर येतोय. प्रीफर्ड बँड माझ्या कार्डात होता, 5 केला. रेकॉर्डिंग रात्री जेवणं होईपर्यंत चढतं, मग बंद करते. आज 7 ला हजेरी घेतली, मागे बसून कधीच न बोलणारा एक मुलगा स्वतःहून माईक चालू करून म्हणाला मॅडम आज पहिलं उदाहरण मी सांगतो. केबलदादा, निशाताई, मनापासून आभार.